सेकंडहँड हिमालयन ४११ कच्च्या वाटांसाठी तयार करायची आहे, आधी पैसे कशावर घालू?

घोडबंदर_४११

नमस्कार मंडळी. २०२१ ची हिमालयन ४११ (बीएस-६) सेकंडहँड घेतली आहे, ओडोमीटर २३ हजार. आठवडाभर ठाणे ते अंधेरी ऑफिस आणि महिन्यातून दोन रविवार मुरबाड, जव्हार-मोखाडा, कर्जतच्या आतल्या वाटा. मुरूम, शेतातले रस्ते, पावसात चिखल, एखादा ओढा. उड्या मारायच्या नाहीत. माझं वजन ७८ किलो, उंची पाच फूट सहा इंच. हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड वेगळे घेतलेत, ते धरून नाही, पण गाडीवर साधारण ३५ हजार घालू शकतो.

गॅरेजवाल्याने यादी दिली: नवा सायलेन्सर, एअर फिल्टर, चार फॉग लाइट, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे डबे, क्रॅश गार्ड, पुढचा स्प्रॉकेट एक दात कमी. यातलं खरंच लागणारं काय? टायर कोणत्या प्रकारचे घ्यावेत? आणि सोसायटीत गाडी पाइपने धुवायला बंदी आहे, तर चिखलातून आल्यावर साफ कशी करायची?

---

कोनसेट

यादीतल्या पहिल्या चार गोष्टींवर काट मारा. सायलेन्सर आणि फिल्टरने कच्च्या वाटेवर काही मिळत नाही. आवाज वाढतो, दंड होतो आणि उघड्या जाळीचा फिल्टर बारीक धूळ आत सोडतो. डब्यांबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

सेकंडहँड गाडीत आधी सैल काय झालंय ते शोधायचं. अर्धा तास लागतो.

गाडी डबल स्टँडवर घ्या, एकाला मागच्या सीटवर दाब द्यायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्यावर हँडल खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला. त्या खाचेमुळे वाळूत आणि चिखलात गाडी सरळ धरताच येत नाही, चालवणाऱ्याला वाटतं आपलंच कौशल्य कमी आहे. मग फोर्कचे दोन्ही खालचे नळे धरून पुढे-मागे ढकला. टकटक जाणवली तर कोनसेट सैल आहे. बदलायचाच असेल तर टेपर रोलरचा बसवा आणि बसवताना ग्रीस हाताने दाबून भरलंय का ते उभं राहून बघा. कंपनीतून आलेल्या बेअरिंगवर बहुतेक वेळा ग्रीसचं नुसतं बोट फिरवलेलं असतं.

चाकांची बेअरिंग: चाक वर-खाली धरून हलवा. संशय आला तर चाक काढून आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली की बदला. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचं दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्यायचं (नंबरामागे २आरएस असतं). मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंग, ऑइल सील, बेअरिंग सगळं मिळतं, पण डुप्लिकेट मालही तिथेच मिळतो. नामांकित कंपनीचं, खोक्यासकट, पक्क्या बिलावर घ्या. दोन बेअरिंगच्या मधली नळी परत बसवायला विसरू नका. ती राहिली तर ॲक्सल आवळताच बेअरिंग चिरडतं.

मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं असताना हाताने वर उचला. शॉक दबायच्या आधी ‘टक’ असा मोकळा खेळ आला तर लिंकेजचे (शॉकला चाकाशी जोडणाऱ्या सांध्याचे) बुश झिजलेत. तसंच स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा हलवून बघा.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नवीन चेन खातात.

आरे: पान्याच्या दांड्याने प्रत्येक आऱ्यावर हलकेच वाजवा. घट्ट आरा टणत्कार देतो, सैल आरा ‘थप’ म्हणतो. एकटादुकटा सैल असेल तर पाव फेरा आवळा. पाच-सहा सैल असतील तर स्वतः आवळत बसू नका, रिम अंड्यासारखी होते. चाक काढून आउट काढणाऱ्याकडे (रिम सरळ करणाऱ्याकडे) द्या. नवीन आवळलेले आरे ३०० किलोमीटरनंतर पुन्हा वाजवून बघायचेच.

यात जे निघेल त्याचा खर्च ३५ हजारांतून आधी बाजूला काढा. उरलेल्यातून टायर आणि इंजिनखालची प्लेट.

आणि एक फुकटचं काम. फूटरेस्टवरची रबरं काढून टाका, खालचे दाते बुटाला धरतात. फूटरेस्टवर उभे राहा, कोपर किंचित बाहेर, आणि कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. मनगट वर मुडपत असेल तर क्लच-ब्रेकच्या लिव्हर खाली फिरवा, हात आणि बोटं एका रेषेत येईपर्यंत. पाठ वाकत असेल तरच हँडल राइझर (हँडल उंच करणारा ठोकळा), तोही २५-३० मिलिमीटरचा. तुमच्या उंचीला बहुधा लागणार नाही. त्याहून उंच घेतला तर केबल आणि ब्रेकची नळी ताणली जाते, हँडल पूर्ण वळवून तपासल्याशिवाय बसवू नका. गिअर लिव्हर जाड बुटासाठी एक खाच वर घ्या.

लिव्हरचे क्लॅम्प अगदी करकचून आवळू नका. हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊन त्यावर क्लॅम्प बसवा. गाडी पडली की लिव्हर फिरेल, तुटणार नाही.

---

हवापाणी

टायरचं मी सांगतो. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७, हीच मापं ठेवा. रुंद टायर चिखलात तरंगतो आणि चेनला किंवा स्विंगआर्मला घासू शकतो.

तुमचं नव्वद टक्के धावणं घोडबंदर रोड आणि हायवेवर होणार. पूर्ण सुट्या, उंच ठोकळ्यांचा डर्ट टायर घेतलात तर पावसात पेव्हर ब्लॉकवर, उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यांवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकेल. मोठे ठोकळे असलेला पण मध्ये जवळजवळ सलग पट्टा असलेला, ज्याला दुकानदार फिफ्टी-फिफ्टी म्हणतो, तो घ्या. पैसे एकाच टायरला पुरत असतील तर आधी पुढचा बदला. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की आपण खाली. घेताना टायरवरची चार आकडी तारीख बघा: पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

हवा: रस्त्यावर मॅन्युअलमधली. कच्च्यावर उतरलात की पुढे १८, मागे २० पीएसआय. टायर थंड असताना मोजायची. गेज स्वतःचा ठेवा, पेट्रोल पंपावरच्या गेजवर दोन-तीन पीएसआयचा भरवसा नाही.

ट्यूबच्या व्हॉल्व्हवरचा नट रिमवर आवळू नका. तो वर टोपीला टेकवून ठेवा. कमी हवेत टायर रिमवर हळूहळू सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो. नट मोकळा असेल तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तुम्हाला दिसतं. नट रिमला आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह सरळच राहतो आणि एक दिवस मुळातून उपटतो. त्याला पॅच नाही. व्हॉल्व्ह तिरका दिसला तर हवा काढा, टायर सैल करा, सरळ करा.

---

घोडबंदर_४११

दोघांचेही आभार. हँडल मध्यावर अडकतंय, म्हणजे कोनसेट गेलाच. ट्यूबची एवढी भानगड आहे तर रिम आतून टेप लावून ट्यूबलेस करून घेऊ का? आणि १८-२० हवेत दगडावर रिम वाकणार नाही?

---

मुरूमदगड

रिम वाकेल. हवापाणी, तुमचा १८-२० चा आकडा वाळू आणि मऊ चिखलासाठी ठीक आहे, मुरबाड-मोखाड्याच्या वाटांना नाही. तिथे चिखलाखाली काळा दगड असतो आणि तो दिसत नाही. गाडीच १९९ किलोची, वर ७८ किलोचा माणूस आणि सामान. ट्यूब असलेल्या चाकात १८ वर दगड लागला की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. सुरुवात पुढे २२, मागे २५ वर करा. दगड नसलेल्या चिखलात आणखी दोन कमी करा. १८ च्या खाली जायचं तर रिम लॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारा तुकडा) हवा, त्यासाठी रिमला भोक पाडावं लागतं, तुमच्या वापराला कशाला?

डांबरावर परतताना हवा भरलीच पाहिजे. २० पीएसआयवर ८० च्या वेगाने टायर तापतो आणि वळणावर गाडी डुलते. म्हणून पंप लागतोच. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोयीचा, पण सोबत सायकलचा हातपंपही ठेवा, त्याचा फ्यूज उडत नाही.

ट्यूबलेस: रिमच्या आतल्या बाजूला टायरची कड रोखून धरणारा उंचवटा असेल तरच करावं. ट्यूबसाठी बनवलेल्या रिमला तो नसतो. हवा कमी असताना आडवा धक्का बसला की कड आत घसरते आणि हवा एका क्षणात जाते. शिवाय आरे सैल झाले की टेप उचलला जातो, आणि कच्च्यावर आरे सैल होणारच. ट्यूबच ठेवा आणि पंक्चर काढायला शिका. ट्यूबमध्ये आधीच ओतायचं हिरवं सीलंटही नको. त्याने ओलसर झालेल्या ट्यूबला पॅच चिकटत नाही.

पंक्चर काढताना लोक लिव्हरशी झटापट करतात. बळ लागत असेल तर समोरची कड चुकीच्या जागी आहे. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. लिव्हरच्या बरोबर समोर टायरची कड गुडघ्याने त्या खोलगटात दाबून धरा, मग २५ सेंटिमीटरच्या दोन लिव्हरनी टायर निघतो. कडेला साबणाचं पाणी लावा. टायर बसवताना ट्यूबमध्ये जेमतेम आकार येईल एवढी हवा ठेवा, म्हणजे ती लिव्हरखाली येत नाही. ट्यूबला आधी फ्रेंच चॉक (टाल्कची पावडर) चोळून घ्या. आणि पॅच मारण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवा, काटा बहुतेक वेळा तिथेच असतो.

सोबत एकच जादा ट्यूब न्यायची असेल तर २१ इंची न्या. ती अडीअडचणीला मागच्या १७ इंची चाकात दुमडून का होईना बसते आणि घरी पोहोचवते. उलटं जमत नाही.

स्प्रॉकेटबद्दल: पुढे १५ दात असतील आणि १४ चा लावला तर गिअरिंग सुमारे ७ टक्के आखूड होतं. चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच कमी जळतो, हे खरं. पण हायवेवर त्याच वेगाला इंजिन तितकंच जास्त फिरतं आणि लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते म्हणून लवकर झिजते. तुम्ही रोज ठाणे-अंधेरी करता. आधी १५ वर महिनाभर चालवा. चढावर पहिल्या गिअरमध्येही क्लच धरूनच चढवावं लागत असेल तर १४. भाग स्वस्त आहे, निर्णय पुढे ढकलता येतो.

---

हवापाणी

मान्य, दगडासाठी २२-२५ बरोबर. माझे आकडे पालघरकडच्या वाळवटाचे होते. (किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि खारं पाणी गाडीचं काय करतं ते वेगळं.)

---

सॅग_मोजा

कोणी सस्पेन्शनबद्दल बोललंच नाही. हिमालयनचा मागचा प्रवास १८० मिलिमीटर, पुढचा २००. मागचा शॉक प्रीलोडने (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याने) सेट होतो, ते न करता लोक नवीन शॉकच्या किमती विचारत फिरतात.

पद्धत: डबल स्टँडवर चाक हवेत असताना मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजा. खूण मास्किंग टेपने करा. मग गाडी जमिनीवर, तुम्ही हेल्मेट-बूट-गार्ड सगळं घालून फूटरेस्टवर उभे, दोन वेळा सस्पेन्शन दाबून सोडा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजू द्या. दोन्ही मापांतला फरक, म्हणजेच सॅग, एकूण प्रवासाच्या साधारण ३० टक्के हवा, म्हणजे १८० चे ५४. ५० ते ६० च्या मध्ये आला तर हात लावू नका. ७० आला तर सी-पान्याने प्रीलोड वाढवा, एकेक पायरी, आणि परत मोजा.

आता माणूस नसताना गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते मोजा. १५ ते २५ मिलिमीटर बसली पाहिजे. तुमच्या वजनासह सॅग बरोबर यायला एवढा प्रीलोड द्यावा लागला की गाडी एकटी अजिबात बसतच नाही, तर स्प्रिंग तुम्हाला मऊ आहे. तेव्हाच स्प्रिंग बदलायचा विचार. ७८ किलोला बहुधा ती वेळ येणार नाही, पण मागे सामान बांधलं की परत मोजा.

२३ हजारांवर फोर्क ऑइल कधी बदललं होतं याचा पत्ता नसेल तर ते काळं झालेलं धरून चाला. ग्रेड आणि माप मॅन्युअलमधलं, आणि दोन्ही नळ्यांत पातळी सारखी. एका बाजूला जास्त भरलं तर सील फुटतं. तुमच्या फोर्कला रबरी भाते आहेत. ते धूळ अडवतात खरे, पण चिखलाचं पाणी एकदा आत गेलं की तिथेच साचतं आणि सॅंडपेपरसारखं सील घासतं. पावसाळ्यात दर दोन राइडनंतर खालचा क्लॅम्प सैल करा, भाता वर सरकवा, नळी फडक्याने पुसा. सीलमधून ऑइल झिरपायला लागलं की लगेच नवीन सील बसवू नका. जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पट्टी किंवा तसंच पातळ प्लास्टिक सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवा. अडकलेला कण निघाला तर गळती थांबते. अर्ध्या वेळा एवढंच असतं.

---

तांबडी_माती

मूळ प्रश्नातला शेवटचा भाग, धुण्याचा, सगळ्यात महत्त्वाचा होता. इकडे गाडी वाटेवर कमी मरते, पार्किंगमध्ये उभी असताना जास्त मरते. ठाण्या-मुंबईची हवा दमट आणि खारट. त्यात चिखल ओला राहिला की आरे, निपल, चेन, कनेक्टर सगळं आतून गंजतं.

पाइप नसेल तर नर्सरीत मिळणारा पाच लिटरचा फवारणी पंप घ्या. दोन पंप पाण्यात अख्खी गाडी होते, वॉचमन काही बोलत नाही. चिखल सुकू देऊ नका. शक्य असेल तर गावातून निघतानाच कोणाच्या तरी विहिरीवर विचारून दोन बादल्या मारा. सुकलेली माती घासली की रंगावर ओरखडे पडतात. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनपासून चार जागा वाचवा: चाकांचे मध्य, कोनसेट, स्विंगआर्मचा पिव्होट, चेन. तिथे दाबाचं पाणी सीलच्या ओठातून आत जातं आणि बाहेर येत नाही. ऑइल कूलरच्या पट्ट्याही गनने दुमडतात. कूलर मातीने बुजलेला असेल तर आधी भिजवा, मग फवारा.

इंजिनखालच्या प्लेटबद्दल: कंपनीची पातळ वाटत असेल तर ४ मिलिमीटर ॲल्युमिनियमची घ्या, कडा वर वळलेली आणि ड्रेन बोल्टसाठी भोक असलेली. पण प्लेट आणि इंजिनच्या मध्ये तांबडा गाळ साचतो, ओल धरतो आणि इंजिन गार होऊ देत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्लेट खाली काढायची. तिचे बोल्ट स्टीलचे, चेसिस स्टीलचं, पण ज्या जागी स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातो तिथे खाऱ्या ओलाव्याने दोन धातूंत गंज चढतो आणि बोल्ट असा बसतो की सोडवताना आटेच बाहेर येतात. अशा प्रत्येक बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) किंवा निदान ग्रीस लावा. ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा सहज फिरतो, म्हणून हात जरा हलका ठेवा. आणि जे बोल्ट थरथरून सुटतात (कॅरिअर, आरसे, गार्ड) त्यांना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद). लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडा. आत चेनचं जुनं ऑइल आणि मातीचा जो काला झालेला असतो तो गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं सील खातो. चेन: केरोसिन आणि मऊ ब्रश, पेट्रोल नाही, पेट्रोलने ओ-रिंग कडक होतात. पुसून कोरडी करा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूला, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पुसून टाका. स्प्रे चिकट असतो, मुरमाची धूळ त्यावर वड्याच्या पिठासारखी बसते. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमधल्या मर्यादेत ठेवा, पण नंतर एकदा माणूस बसवून बघा. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात ताणलेली असते. तेव्हाही बोटभर खेळ उरला पाहिजे. कच्च्यासाठी घट्ट चेन ही सैल चेनपेक्षा वाईट, ती बेअरिंग खाते.

एअर फिल्टर कागदाचा आहे. तो धुवायचा नाही, केरोसिनमध्ये बुडवायचा तर अजिबात नाही. धुळीत एखाद्याच्या मागे चालल्यानंतर काढून बघा, ठोकून झटका, काळवंडला असेल तर नवीन. बसवताना कडेच्या रबरावर ग्रीसचा पातळ हात. धूळ बहुतेक वेळा कागदातून नाही, कडेने जाते.

आता ओढा. आधी पायी जाऊन बघा. वाहतं पाणी चाकाच्या ॲक्सलपर्यंत असेल तर चालेल, गुडघ्याला लागत असेल तर परत फिरा. वाट पाहिली तर सह्याद्रीतला ओढा दोन तासांत उतरतो. तापलेली गाडी थेट पाण्यात घालू नका, पाच मिनिटं थांबा. गरम हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगच्या सीलमधून पाणी ओढून घेते. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये क्लच दाबायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून चालवत सुकवा. मागचं एबीएस कच्च्यावर बंद ठेवलं असेल तर लक्षात ठेवा, इग्निशन बंद करून चालू केलं की ते परत चालू होतं.

पाण्यात पडलीच तर पहिलं काम किल स्विच. बाहेर काढून स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग साध्या धुण्याचं बिल इंजिन उघडण्याचं होतं. स्पार्क प्लग काढा. गाडी डबल स्टँडवर, पाचवा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा, प्लगच्या भोकातून पाणी उडेल. चेहरा लांब ठेवा. एअरबॉक्सच्या तळाला निचऱ्याची नळी असते, तिचं बूच काढा. फिल्टर भिजला असेल तर तो बाजूला ठेवून फक्त जवळच्या गावापर्यंत, धूळ नसेल तरच. ऑइलची काच बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर इंजिन चालू न करता ऑइल बदला, पाच-दहा मिनिटं चालवून पुन्हा बदला. एका बदलात सगळं पाणी निघत नाही.

एक छोटी गोष्ट जी टोइंगची वेळ आणते: साइड स्टँडचा स्विच. त्यात चिखल बसला की गिअर टाकताच इंजिन बंद पडतं आणि लोक टाकीतल्या फ्युएल पंपापासून ईसीयूपर्यंत (इंजिनच्या कंप्यूटरपर्यंत) सगळं उघडतात. आधी तो स्विच पाण्याने धुवा, बोटाने दाबून सोडून बघा. घरी आल्यावर कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. मॅन्युअल दोन वर्षं म्हणतं, इकडे दर पावसाळ्यानंतर बदला. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना तेव्हाच ग्रीस करा. दिवाळीच्या आसपास लिंकेज आणि स्विंगआर्मही उघडून ग्रीस. वर्षातून तेवढं एक मोठं काम.

---

सामानसुमान

डब्यांबद्दल. ॲल्युमिनियमचे डबे लडाखच्या डांबरावर छान दिसतात. चिखलात पाय टेकवला आणि गाडी पुढे गेली की डब्याची कड पोटरीवर येते, घोटा खाली अडकतो. दोन रविवारच्या राइडला मागे बांधायची २०-२५ लिटरची मऊ वॉटरप्रूफ बॅग पुरते. जड वस्तू सीटच्या जवळ आणि खाली.

क्रॅश गार्ड घ्या, पण तो इंजिनच्या फक्त एका बोल्टवर टांगलेला नको. डावी-उजवी बाजू आडव्या पट्टीने जोडलेली असावी, नाहीतर पडल्यावर गार्ड वाचतो आणि माउंटचा कान तुटतो. हँडगार्ड ॲल्युमिनियमच्या कण्याचा, दोन ठिकाणी आवळलेला. नुसतं प्लास्टिक वारा अडवतं, लिव्हर वाचवत नाही.

सोबत: ट्यूब, पॅच, लिव्हर, दोन्ही ॲक्सलला बसणारे पाने (घरी लावून बघितलेले), क्लच आणि ब्रेक लिव्हर, चेनची जोडकडी, फ्यूज, प्लग आणि पाना, एम६ आणि एम८ चे चार-चार बोल्ट, केबल टाय, बाइंडिंग वायर, एम-सील. क्लचची नवी केबल बॅगेत नाही, जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून दोन टोकं टेपने बंद करून ठेवायची. तुटली की टोकं बदलायची, पाच मिनिटांचं काम.

एम-सील दगडाने फुटलेल्या इंजिन केससाठी. ऑइल भोकापासून दूर जाईल अशी गाडी कलंडून ठेवा, जागा पेट्रोलने पुसून कोरडी करा, पाना किंवा दगडाने खरवडा, दोन्ही भाग सारखे मळून दाबा, आणि पूर्ण कडक होईपर्यंत हात लावू नका. तेलकट जागेवर ते कधीच धरत नाही.

फॉग लाइट आणि सायलेन्सरबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आरसीशी विसंगत बदल चालत नाहीत. आणि तानसा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड या अभयारण्यांत मुख्य रस्ता सोडून आत गाडी घालू नका. पावसाळ्यात धबधब्यांच्या जागी जमावबंदीचे आदेश निघतात, निघायच्या आधी बघून घ्या. भातखाचराच्या बांधावरून तर कधीच नाही. बांध फुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं.

---

घोडबंदर_४११

ठरलं: कोनसेट, फोर्क ऑइल आणि सील, दोन टायर, प्लेट, हँडगार्ड, पंप आणि लिव्हर. क्रॅश गार्ड पुढच्या महिन्यात. सॅग मोजला, ६८ येतोय. स्प्रॉकेट तूर्तास १५. एकच शंका राहिली: कोनसेट बदलल्यावर किती आवळायचा हे मिस्त्री अंदाजाने करतो, ते बरोबर आहे का ते मला कसं कळणार?

---

कोनसेट

पुढचं चाक हवेत ठेवून हँडल मध्यापासून किंचित बाजूला सोडा. ते आपोआप, न अडखळता, शेवटापर्यंत पडलं पाहिजे. अर्ध्यात थांबलं तर जास्त आवळलाय. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे केल्यावर टक आली तर कमी. हे तपासताना केबल हँडलला ओढत नाहीत ना तेही बघा, नाहीतर खोटा निकाल येतो. ३०० किलोमीटरनंतर, आरे वाजवाल त्याच दिवशी, परत. नवीन बेअरिंग बसतं तेव्हा थोडा खेळ येतोच.

सॅगसाठी प्रीलोड दोन पायऱ्या वाढवून परत मोजा.